नद्या आखण्याचा उन्हाळा

मे महिना लागला की बर्लिनच्या कोपऱ्याकोपऱ्यावर श्पार्गेलच्या टपऱ्या उभ्या राहतात. श्पार्गेल म्हणजे पांढरी शतावरी. मातीच्या वरंब्याखाली, उजेड लागू न देता वाढवलेली, पांढरीफटक, अंगठ्याएवढी जाड. जर्मन माणूस एरवी जेवणाबद्दल फार हळवा होत नाही, पण या दिवसांत होतो. यू-बान मेट्रोमधून उतरणाऱ्या कुणाच्याही पिशवीतून ती जुडी डोकावत असते. आमच्या जिन्यात उकळत्या पाण्याचा, किंचित कडवट, ओल्या मातीसारखा वास भरून राहतो. लोकांना त्या वासाने वसंत आठवतो. मला बंदुकीची दारू आठवते.

मी गोळी झाडायला शिकले ती श्पार्गेलच्या शेताशेजारी. बर्लिनपासून तासाभरावर, ब्रान्डेनबुर्गमध्ये. काळ्या प्लास्टिकने झाकलेले वरंबे नजर पोचेल तिथपर्यंत, त्यांच्यावर वाकलेली माणसं, मागे पाइनचं रान, आणि रानाच्या कडेला नेमबाजीच्या सरावाचं मैदान. रायफल खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवायची, श्वास अर्धा सोडायचा, चाप हिसडायचा नाही, हळूहळू ओढायचा. गोळी सुटली की कुणीतरी खांद्यावर गुद्दा हाणल्यासारखं व्हायचं. कानांवर जाड आवरणं असूनही तो आवाज दातांतून आत शिरायचा. मग चाकांवर बसवलेली अस्वलाच्या आकाराची फळी दोरीने ओढत थेट आमच्या अंगावर आणायचे. ती पोचायच्या आत नेम धरायचा, झाडायची, पुन्हा भरायची, पुन्हा झाडायची. दुपारी तिथल्याच कँटीनमध्ये जेवायला श्पार्गेल. हाताला दारूचा वास आणि ताटात ती पांढरी बोटं.

आमच्या गटात सगळ्यांत चांगला नेम माझा निघाला. याचं सगळ्यांत जास्त नवल मलाच वाटलं. चिपळूणजवळच्या गावातली मी, घरात अंडंसुद्धा न आणणाऱ्या आईची मुलगी.

"नकाशे काढणाऱ्या बाईला बंदूक कशाला लागते गं?" त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं. मी नसताना माझ्या लेकीकडे, ईराकडे बघायला त्या ठाण्याहून मुद्दाम आल्या होत्या. जन्मभर सरकारी इस्पितळात नर्स म्हणून राबलेली बाई. प्रश्न विचारायची ती नेमका, आणि उत्तर येईपर्यंत वाट बघायची.

"तिकडे पांढरी अस्वलं असतात, आई. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर बंदूक हवीच."

"मग इथूनच काढ की नकाशे. वरून उपग्रहातून सगळं दिसतं म्हणतेस ना?"

सगळं दिसत नाही, हीच तर माझ्या कामाची गंमत होती. मी ज्या संस्थेत होते तिथे ध्रुवाजवळच्या उजाड माळांचे, म्हणजे टुंड्राचे नकाशे व्हायचे, आणि माझ्या वाट्याला पाणी आलं होतं. वरून काढलेल्या फोटोंवर नद्या, ओढे, ओहोळ एकेक करून निळ्या रेघेने आखायचे. पण वरून बघताना ओहोळ कुठला आणि सावली कुठली ते कळत नाही. शेवाळाखालून वाहणारं पाणी दिसत नाही. नदीचं पात्र किती खोल आहे, तेही दिसत नाही. शिवाय हिमनदीतून निघालेली नदी म्हणजे वेणी सुटलेली बाई. एका उन्हाळ्यात दहा पेडांनी वाहते, पुढच्या उन्हाळ्यात त्यातले सहा गेलेले आणि चार नवे फुटलेले. म्हणून कुणीतरी तिथे जाऊन, हातात मापाची काठी धरून, त्या पाण्यात उभं राहावं लागतं. दोन हजार दहाच्या दशकाच्या मध्यावरच्या त्या उन्हाळ्यात ते कुणीतरी म्हणजे मी होते.

आमची प्रमुख कारीन. साठीकडे झुकलेली, रुंद खांद्यांची, पूर्व जर्मनीत ओडर नदीच्या काठी वाढलेली. वयाने आईएवढ्या बाईला अरेतुरे करायचं, या देशाच्या या रिवाजाने माझी जीभ पहिली दोन वर्षं अडखळत असे. तिला मराठी शब्दांचं वेड लागलं होतं. जर्मनमध्ये छोट्या प्रवाहाला एक-दोन शब्द. मी तिला सांगितलं, आमच्याकडे ओघळ वेगळा, ओहोळ वेगळा, पऱ्ह्या वेगळा, ओढा वेगळा. ती खदखदून हसली. "गेनाऊ! अगदी! हेच तर मला हवं होतं." तेव्हापासून आमच्या कच्च्या नकाशांवर ती खुणेला 'ओहोळ' असं रोमन लिपीत लिहायची आणि उच्चारायची 'ओहोल'.

जूनच्या शेवटी श्पार्गेल संपतं. टपऱ्या हलतात. त्याच आठवड्यात आम्ही निघालो. कारीन, मी, आणि पीएचडी करणारा लुकास. नॉर्वेच्याही वर, स्वालबार्डच्या बेटांवर.

तिथे जुलैत सूर्य मावळत नाही. झाड नावाची गोष्ट नाही. जमीन भिजल्या गादीसारखी पायाखाली दबते, पण हातभर खणलं की कुदळ टणकन उडते, खाली सगळं गोठलेलं. नखाएवढी जांभळी फुलं. दुरून बघणाऱ्याला वाटावं, किती शांत. जवळ गेलं की कळतं, तिथे अखंड मारामारी चाललेली आहे. उन्हाळा चार घटकांचा, तेवढ्यात सगळ्यांना पोट भरायचंय आणि पिल्लं वाढवायची आहेत. सुरय पक्षी आकाशातून सुईसारखे खाली यायचे आणि आमच्या डोक्यात चोच मारायचे. लुकासच्या टाळूतून पहिल्याच दिवशी रक्ताची धार कपाळावर आली. मग आम्ही मापाच्या काठ्या डोक्यावर उंच धरून चालायचो, कारण हा पक्षी सगळ्यांत उंच टोकावर हल्ला करतो. एकदा माझ्यासमोर कोल्ह्याने रानबदकाची पिल्लं एकामागून एक उचलली. मादी किंचाळत पंख आपटत राहिली आणि तो घाई न करता येत-जात राहिला. रेनडिअरचे सांगाडे तर पावलोपावली. बरगड्यांतून फुलं उगवलेली.

आणि नदी. सकाळी ती गुडघाभर, शहाण्या मुलीसारखी. वर हिमनदीवर ऊन तापलं की दुपारी तीच मातकट, फेसाळ, कंबरभर होऊन धावत यायची. तिच्या पोटातून दगड गडगडत जायचे. वरच्या मजल्यावर कुणी पत्र्याच्या ट्रंका ओढाव्यात तसा तो आवाज. पाण्यात उभं राहिलं की तो कानांनी नाही, नडगीच्या हाडांनी ऐकू यायचा. मी काठी रोवायची, यंत्रावर ठिपका नोंदवायचा, चार पावलं सरकायचं. दिवसाअखेर पाय बधिर आणि डोक्यात एकच आनंद, की आज नकाशावरची खोटी रेघ इतकी इतकी खरी झाली. तसा आनंद मला पुन्हा कुठल्याच कामाने दिलेला नाही.

त्या दिवशी वारा उबदार होता. आदल्या दिवशी पाऊसही झाला होता. नदीच्या मधोमध गोट्यांचं एक लांबट बेट होतं, त्याची मापं तेवढी राहिली होती. सकाळी पाणी उतरलेलं असताना कारीन आणि मी तिकडे गेलो, दुपारच्या आत परतायचं ठरवून. लुकास काठावर, यंत्राच्या खांबाजवळ. त्याच्याकडे सॅटेलाइट फोन आणि लाल गोळे उडवणारं पिस्तूल. एक रायफल माझ्या पाठीवर, दुसरी मागे तंबूत.

पाणी वेळेआधी आलं. आधी रंग बदलला, मग आवाज. आम्ही मापं सोडून परतीला लागलो. कारीन कमरेला दोर बांधून पुढे झाली, दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. ती मध्यावर पोचली आणि तिच्या पायाखालचा दगड सरकला. एका क्षणी ती होती, दुसऱ्या क्षणी नव्हती. दोर माझ्या तळव्यांतून सर्रकन धावला, कातडी सोलत. मी बसकण मारली, टाचा गोट्यांत रोवल्या, दोर मांडीभोवती अडकवला आणि मागे रेलले. पाण्याने तिला फिरवलं, एका मोठ्या धोंड्यावर आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. दुसऱ्या वेळचा आवाज मला त्या गर्जनेतही ऐकू आला. ओली फांदी मोडावी तसा.

मी तिला ओढून बेटावर घेतलं तेव्हा तिचा उजवा हात भलत्याच जागेवरून सुरू होत होता. ओठ निळे. दात वाजत होते. "पाय ठीक आहेत," ती म्हणाली. "खांदा गेला." जणू एखाद्या यंत्राबद्दल बोलावं तसं.

पलीकडून लुकास फोनवर ओरडत होता. मग त्याने ओरडून आणि हातवारे करून कळवलं, हेलिकॉप्टर येणार, पण ते जिथून निघतं त्या वस्तीकडे धुकं आहे, वेळ लागेल. आमचं बेट तोवर एका खोलीएवढं उरलं होतं. मी माझं जाकीट तिच्यावर घातलं. आणि मग लुकास पुन्हा ओरडायला लागला, पण या वेळी त्याचा हात आमच्याकडे नव्हता. नदीच्या वरच्या अंगाला होता.

अस्वल समोरच्या काठाने येत होतं. मी त्याला पांढरं म्हणणार नाही. जुन्या लोण्यासारखं पिवळट, आणि बारीक. कातडी अंगावर सैल लोंबत होती. ते थांबलं, नाक वर केलं, आणि ज्या पाण्याने कारीनला मोडलं होतं त्या पाण्यात सहज, आपल्या अंगणात उतरावं तसं उतरलं. लुकासने पहिला लाल गोळा उडवला. अस्वल दचकलं, डोकं फिरवलं, पुन्हा पोहू लागलं. दुसऱ्या गोळ्याकडे त्याने बघितलंही नाही. बेटाच्या खालच्या टोकाला ते वर आलं, अंग झाडलं. पाण्याचे थेंब इतक्या जवळ उडाले.

मी गुडघ्यावर बसले. तळव्यांचं रक्त रायफलच्या लाकडावर चिकटत होतं.

"नॉख निष्ट," कारीन माझ्या मागून म्हणाली. अजून नको.

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. वास घेतला. खाली आलं. तोंडाने फुस्स फुस्स असा आवाज करू लागलं. मी ओरडले, जर्मनमध्ये नाही, मराठीत. जा! हो मागे! ते दोन पावलं आलं आणि थांबलं. मान खाली घातली.

"नॉख निष्ट, मुग्धा. ते वळेल. मी पाहिलंय, ते वळतात. थांब."

कारीनने पंचवीस उन्हाळ्यांत किती अस्वलं पाहिली असतील. मी हे पहिलंच पाहत होते. त्याने आणखी एक पाऊल टाकलं. ते पाऊल पुढे होतं की वळण्यासाठी बाजूला होतं, हे मी त्यानंतर हजार वेळा डोळ्यांसमोर आणलं आहे.

मी चाप ओढला.

पहिली गोळी खांद्याखाली लागली. अस्वल कोसळलं नाही. ते स्वतःच्या जखमेला चावू लागलं, गोल गोल फिरत, जणू त्याला चावणारं काहीतरी तिथे बसलंय. त्याची ती आरोळी नदीपेक्षा मोठी होती. मग ते आमच्या दिशेने उधळलं. दुसरी गोळी कुठे गेली मला माहीत नाही. तिसरी लागली तेव्हा त्याचे डोळे मला दिसत होते. ते माझ्यापासून चारेक हातांवर तोंडघशी पडलं. मागचे पाय थोडा वेळ पळत राहिले. गोट्यांवरून रक्ताची पातळ धार नदीला जाऊन मिळाली, आणि मला, देवा शप्पथ, पहिला विचार आला तो असा, की हाही एक ओघळच.

 मी वळून बघितलं तर कारीन थरथरायची थांबली होती. सासूबाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या, थंडीने कुडकुडणारा माणूस बरा, कुडकुडायचा थांबला की घाबरावं. मी तिला काखेत धरून ओढत नेलं आणि त्या अस्वलाच्या पोटाशी टेकवलं. तिने डोकं हलवलं. "नको. त्याच्याजवळ नको." मी ऐकलं नाही. त्याचा पुढचा पाय उचलला, मणभर जड, आणि तिच्या अंगावरून टाकला, आईने पोराच्या अंगावर हात टाकावा तसा. पोटाशी केस दाट होते, ओल्याखाली कोरडे, आणि आत अजून ऊब होती. भाजून निघावं एवढी ऊब. मी दुसऱ्या बाजूने तिला बिलगून बसले. मासळीचा, रक्ताचा आणि कुत्र्याच्या अंगाचा वास. हळूहळू कारीनचे दात पुन्हा वाजू लागले. ती रडत होती. माझ्यासाठी नाही, स्वतःसाठीही नाही, एवढं मला कळत होतं.

धुकं विरलं, हेलिकॉप्टर आलं. कारीनला घेऊन गेलं, मग आम्हाला.

तिकडे अस्वल मारलं की चौकशी होते, माणूस मारल्यासारखी. दोन पोलीस अधिकारी त्या जागी जाऊन आले. पाणी उतरल्यावर त्यांनी अंतरं मोजली, फोटो काढले. मादी होती, तरुण, उपाशी. पिल्लं होती का, हे मी विचारलं नाही. त्या अधिकारी बाईने आपणहून सांगितलं, दूध नव्हतं. मग तिने विचारलं, "गोळी झाडण्याचा आदेश तुझ्या प्रमुखाने दिला होता?"

"नाही," मी म्हणाले. "ती अजून नको म्हणत होती. मी झाडली."

स्वसंरक्षण, असा निर्णय झाला. कागदावर प्रश्न सुटला. पण इस्पितळातून कारीनने आधीच सांगितलं होतं की आदेश तिनेच दिला. माझ्यासाठी ती खोटं बोलली होती, आणि माझ्या खऱ्याने ती उघडी पडली. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली.

घरी परतले तेव्हा सासूबाईंनी माझा शर्ट उतरवून खांदा बघितला. बंदुकीच्या धक्क्याने तो काळानिळा झाला होता. त्यांनी तेल कोमट केलं.

"किती गोळ्या लागल्या?"

"तीन झाडल्या. दोन लागल्या."

"पहिलीलाच गेलं असतं तर बिचाऱ्याचे हाल वाचले असते." त्यांचा अंगठा माझ्या खांद्यावर गोल फिरत राहिला. "रडायचं असेल तर आत्ता रड. अनिकेत आला की तो तुला हिरॉइन करेल, मग रडता यायचं नाही."

अगदी तसंच झालं. अनिकेत, माझा नवरा, सरळ मनाचा माणूस. त्याला माझा अभिमान वाटला, यात त्याची काय चूक? सप्टेंबरमध्ये त्याचे वाल्डॉर्फ गावातल्या आधीच्या नोकरीतले जुने मित्र बायकामुलांसह आले. मिसळीचा बेत. अनिकेतने गोष्ट सुरू केली, आणि दर वेळेसारखं अस्वल थोडं मोठं झालं, थोडं जवळ आलं. "आमच्या घरात आता कुणी आवाज चढवत नाही बाबा, मॅडमकडे लायसन्स आहे!" सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, कातडं तरी आणायचं ना, हॉलमध्ये शोभलं असतं."

माझ्या हातातली रश्श्याची वाटी मी टेबलावर आपटली. ती फुटली. तर्री भिंतीवर उडाली.

"ती मादी होती," मी म्हणाले. "उपाशी होती. आणि कदाचित ती वळत होती."

 ईराने तेवढ्यात जर्मनमध्ये विचारलं, "मामा, वार डी बेरिन ब्योझं?" आई, ती अस्वलीण दुष्ट होती का? ईराला मराठी कळतं, पण येतं ते जर्मनच. मी म्हटलं, "नाही गं. भूक लागली होती तिला." ती विचारात पडली आणि म्हणाली, मग तू का? सासूबाईंनी तिला उचलून आत नेलं. अनिकेत भिंत पुसायला लागला. त्यानंतर त्याने ती गोष्ट कधीच सांगितली नाही. खरं तर मला तेही बोचलं. आता ती कुणीच सांगत नव्हतं.

तो हिवाळा मी पडद्यासमोर काढला. मी आणलेले ठिपके एकेक करून जोडत गेले, आणि त्या माळावरच्या नद्या उजेडात येत गेल्या. ऑगस्टअखेरचे फोटो आले त्यांत ते बेट नव्हतंच. नदीने ते पुसून दोन पेड पलीकडे फिरवले होते. मी प्रामाणिकपणे तिथे पाणी आखलं. कारीन तेव्हा रेहा केंद्रात होती, खांद्याला पुन्हा हालचाल शिकवत; तिथून तिच्या कामाच्या मेल यायच्या. नेमक्या, तुटक. 'पूर्वेकडचा तिसरा प्रवाह पुन्हा तपास.' ओहोळ हा शब्द तिने टाकून दिला होता. एकतीस डिसेंबरला बर्लिनमध्ये दुपारपासूनच फटाके फुटतात, या शहराला त्या दिवशी युद्धाचा ताप चढतो. पहिल्या मोठ्या बाराला मी न्हाणीघरात जाऊन टबच्या कडेवर बसले, हात कानांवर. दारूचा वास खिडकीच्या फटीतून आत येत होता. ईरा आली, माझ्या मांडीवर चढली आणि स्वतःचे छोटे हात माझ्या हातांवर दाबून बसून राहिली.

मार्चमध्ये कारीनचा निरोप आला, रविवारी माझ्या बागेत ये. इथे शहराच्या कडेला लोकांचे भाड्याचे बागेचे तुकडे असतात, त्यातला एक तिचा. मी गेले तेव्हा ती डाव्या हाताने सफरचंदाच्या फांद्या छाटत होती. उजवा हात खांद्यापर्यंतही वर जात नव्हता.

"फांदी धर," ती म्हणाली. मी धरली. आम्ही तीन-चार फांद्या छाटल्या.

"मी तुझ्यावर चिडले होते," मग ती म्हणाली. "आधी वाटलं, पोलिसांसमोर मला खोटं पाडलंस म्हणून. ते नव्हतं. पंचवीस वर्षं मी तिथे जातेय आणि माझ्या गटाने एकही जनावर मारलं नव्हतं. तो माझा ताठा होता."

"ती वळत होती का, कारीन?"

तिने कात्री खाली ठेवली. मला वाटतं, या प्रश्नाचीच ती आठ महिने तयारी करत होती.

"मला माहीत नाही. मी आडवी पडले होते, मला तुझी पाठ दिसत होती. मी फक्त सवयीने बोलत होते. आल्झो, म्हणजे असं बघ, तुला सांगते, पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा थांब म्हणेन. आणि तू पुन्हा तुला दिसतं ते कर. दुसरा काही मार्ग मला सुचलेला नाही."

मी रडले, त्या थंड बागेत, छाटलेल्या फांद्यांचा भारा हातात धरून. तिने डाव्या हाताने माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या, घोड्याला मारतात तशा.

"जुलैत येशील? पश्चिमेकडचं खोरं राहिलंय. मी पाण्यात उतरू शकणार नाही आता. पण डाव्या खांद्यावरून नेम धरायला शिकतेय. वाईट नाही जमत."

अनिकेत म्हणाला, जाऊ नकोस. सासूबाईंना ठाण्याला फोन केला, त्या म्हणाल्या, "तिकीट काढा माझं, मी येते." माझी आई फोनवर नुसती रडली. मला भीती होती, खोटं कशाला बोलू? 

पश्चिमेचं खोरं अरुंद होतं. नदी तितकीच गढूळ, तितकीच थंड, पोटात तसेच दगड. पहिल्या सकाळी लुकासने खांब रोवला. कारीन काठावरच्या एका खडकावर बसली, रायफल डाव्या मांडीवर, नजर खोऱ्याच्या तोंडाकडे. वाऱ्याने तिचे पांढरे केस उडत होते. मी छातीपर्यंतचा रबरी पोशाख चढवला, दोर बांधला, काठी उचलली.

"फेअर्टिग?" तिने विचारलं. तयार?

"हो," मी मराठीतच म्हणाले.

पहिल्या पावलाला पाणी घोट्याला लागलं, तिसऱ्याला गुडघ्याला. मागून रायफलचा खटका ओढल्याचा आवाज आला, चुकीच्या हाताने, अडखळत, आणि मग नीट बसल्याचा. मी मागे वळून बघितलं नाही. काठी रोवली आणि मापायला लागले.